सात नंबरची वाळू

अकोटा, बडोदे
१२ ऑक्टोबर १९९८

ती. भास्करकाकांस,
मधुवंतीचा साष्टांग नमस्कार.

तुम्ही बाबांना लिहिलेत की पोरीकडे नेमके कोणते काम दिले आहे ते तिने स्वतः कळवावे. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि पीसीओत उभे राहून ओरडणे मला जमत नाही. म्हणून सविस्तर लिहिते.

कंपनी लहान आहे. सरकारने जुनी तेलक्षेत्रे खासगी लोकांना द्यायला सुरुवात केली तेव्हा पादऱ्यापलीकडचा एक तुकडा हिने घेतला. ऑफिस अलकापुरीत आहे आणि नमुने ठेवायची शेड छाणीला. मी दोन्हीकडे जाते. ड्रिल खाली जाताना दगडाचा जो चुरा मडच्या चिखलाबरोबर वर येतो तो धुऊन तपासायचा, कुठल्या खोलीवर कोणता खडक आहे आणि त्यात तेलाची खूण आहे की नाही ते लिहायचे, एवढे माझे काम. म्हणजे तुम्ही सुट्टीवर यायचात तेव्हा आमच्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर चहाच्या गाळण्यात वाळू धुऊन दाखवायचात, तेच. तेव्हा मी तिसरीत होते. युनिव्हर्सिटीत शिकले ते सगळे त्याच्यानंतरचे.

चुरा धुवायला शेडमध्ये लक्ष्मण म्हणून मदतनीस आहेत, पण मी स्वतः धुते. तुमच्याच रीतीने: कोमट पाणी, साबणाची पूड, आणि पाणी नितळ येईपर्यंत थांबायचे नाही. केयूर नावाचा आमचा इंजिनिअर येता-जाता विचारतो, "मधुबेन, इस्त्री पण करवानी छे?" चुरा स्वच्छ झाल्याशिवाय मला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावता येत नाही, हे त्याला समजावून काय सांगायचे.

आता सात नंबरच्या विहिरीबद्दल. ज्या खोल थरासाठी ती खणली तो कोरडा निघाला. त्याच्या बराच वर एक जाड, मऊ, मातकट वाळूचा थर लागला आहे. त्यात चिकणमाती फार, त्यामुळे विजेच्या मोजमापावरून तो पाण्याचा आहे की तेलाचा ते ठरत नव्हते. साहजिकच सगळे माझ्या नोंदीवर आले. मी लिहिले होते, "तेलाचा मागमूस नाही." आमचे मुख्य प्रतापसिंहराव, जुने बडोदेकर, मीटिंगमध्ये ते वाक्य सगळ्यांसमोर वाचून म्हणाले, "हे तूच लिहिलंस ने?" मी हो म्हटले. त्यांनी वही मिटली. खणायची रिग सध्या दुसऱ्या विहिरीवर आहे. डिसेंबरात परत आली की सात नंबर सिमेंट भरून बंद होईल.

इतक्या जणांच्या कामाचा निकाल माझ्या एका ओळीवर लागावा हे मला बरे वाटत नाही. ओळ चुकली आहे असे नाही. फक्त तुम्हाला सांगावेसे वाटले. डिसेंबरातच मला कायम करतील की नाही तेही ठरायचे आहे.

आई-बाबा बरे आहेत. आभाताईंना नमस्कार सांगावा.

तुमची
मधुवंती


विश्रामबाग, सांगली
२४ ऑक्टोबर १९९८

चि. मधूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र दिवाळीत आले. आभाला वाचून दाखवले. तिला त्यातले साबणाचे तेवढे समजले, आणि ती म्हणाली, "बाबा, घरात एक कप कधी विसळला नाहीत, आणि पुतणीला धुणे शिकवलेत." मी तिला म्हटले, कप आणि खडक यांत फरक आहे.

तू विनाकारण घाबरतेस. लहानपणीही पाटीवरचे बरोबर उत्तर तू दोनदा पुसायचीस. कोणाच्या तरी एका ओळीवर विहीर बंद होतेच. ती ओळ साहेबाने लिहिली काय आणि तू लिहिलीस काय. मी अंकलेश्वरला असताना माझ्या ओळीवर चालू रिग उचलून नेलेली आहे. त्या दिवशीही मी जेवून झोपलो.

मदतनीसाच्या हाती धुणे देत नाहीस हे फार चांगले करतेस. धुतलेला नमुना कधी खोटे बोलत नाही, हे लक्षात ठेव. त्या इंजिनिअराला म्हणावे, ये, तुझाही शर्ट देते.

श्रीकृष्णाला सांग की गुडघ्यासाठी पाठवलेले तेल लावत जा, नुसते शेल्फावर ठेवू नकोस.

तुझा काका,
भास्कर


अकोटा, बडोदे
९ नोव्हेंबर १९९८

ती. भास्करकाकांस,
साष्टांग नमस्कार.

तुमचे पत्र पोचले. बाबा तेल लावतात, आईच्या धाकाने.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, तुमच्या विहिरींवर मडमध्ये डिझेल मिसळत होते का? आमच्याकडे नुसते पाणी आणि माती असते, म्हणून विचारते. आणि दुसरी, न धुतलेल्या चुऱ्याचा ओला गोळा कधी तुम्ही जांभळ्या दिव्याखाली धरून पाहिला होता का? त्यात पिवळसर चमक दिसली तर ती कशाची समजायची?

सहज विचारते आहे. सवड झाली की लिहा. पण शक्यतो या महिन्यात लिहा.

इकडे सर्व ठीक. समा रोडला एक ओळखीचे घर आहे, त्यांचा मुलगा रिफायनरीत आहे. आई तिथे जाऊन आली. मला रिगवर जावे लागते हे तिने तिथे सांगितले नाही, आणि मी परस्पर फोन करून सांगितले. त्यानंतर त्यांच्याकडून काही कळले नाही. आई दोन दिवस माझ्याशी फक्त भाजीबद्दल बोलली.

तुमची
मधुवंती


विश्रामबाग, सांगली
१७ नोव्हेंबर १९९८

चि. मधूस,
अनेक आशीर्वाद.

असे प्रश्न विचारणारे आता कोणी उरले नाही, त्यामुळे उत्तर लांबेल.

हो, आमच्याकडे मडमध्ये डिझेल घालत. चिकणमाती पाण्याने फुगते आणि ड्रिल अडकते, म्हणून. त्या डिझेलने सगळे माखलेले असायचे: चुरा, हातमोजे, जेवणाचा डबा. घरी आलो की तुझी काकू, देव तिला सद्गती देवो, दारातच शर्ट काढायला लावायची. जांभळ्या दिव्याखाली तेल चमकते तसे डिझेलही; चुरा धरावा तर सगळाच्या सगळा चमकायचा. त्यातून खरे तेल कसे ओळखणार? म्हणून साबण. डिझेल निघून जाईपर्यंत धुवायचे, आणि तरीही जे चमकेल ते खरे. आमचा खडकही घट्ट होता, त्याच्या पोटातले तेल साबणाला दाद देत नसे.

यावरून तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आलेच. न धुतलेल्या गोळ्यात चमक दिसली म्हणजे ते डिझेल. तुमच्या मडमध्ये घालत नसतील, पण ट्रकमधून, पंपातून, पाइपांच्या ग्रीसमधून कुठून तरी येतेच. पुन्हा धू. चमक गेली की समज, ती खोटी होती.

रिफायनरीवाल्या मुलाचे वाईट वाटून घेऊ नकोस. रिफायनरीवाल्यांना तेल आयते मिळते.

तुझा काका,
भास्कर


अकोटा, बडोदे
६ डिसेंबर १९९८

ती. भास्करकाकांस,
साष्टांग नमस्कार.

मी मागच्या पत्रात सहज विचारते असे लिहिले, ते खरे नव्हते. तुमचे उत्तर येण्याआधीच मला बरेच दिसले होते. तुमच्याकडून काहीतरी वेगळे कळेल आणि मला पुढे काही करावे लागणार नाही, अशी आशा होती. आता जे झाले ते क्रमाने लिहिते.

दर खोलीच्या चुऱ्याचे आम्ही दोन भाग करतो. एक धुऊन तपासायचा, दुसरा तसाच ओला कापडी पिशवीत भरून शेडमध्ये ठेवायचा. दिवाळीनंतर केयूरला सिमेंटच्या चाचणीसाठी सात नंबरची चिकणमाती हवी होती. त्याने त्या मऊ थराची एक पिशवी फोडली आणि काचेच्या ग्लासात पाण्याबरोबर ढवळली. पाण्यावर रंगीत साय आली. तो म्हणाला, ट्रकवाल्याचे डिझेल. तुम्ही म्हणालात तेच.

मलाही आधी तसेच वाटले. म्हणून मी त्या थराच्या वरच्या आणि खालच्या पिशव्या काढल्या. त्या त्याच ट्रकमधून, त्याच खेपेत, एकाच गोणीत आल्या होत्या. मड तेच, पंप तोच. जांभळ्या दिव्याखाली त्या सगळ्या काळ्या राहिल्या. फक्त या थराचे गोळे पिवळे चमकले. डिझेल असे निवडून एकाच थराला लागणार नाही.

मग एका पिशवीचे दोन वाटे केले. एक गार साध्या पाण्यात नुसता हलवून काढला, दुसरा आपल्या रीतीने धुतला. पहिला चमकत राहिला. दुसरा चमकला नाही, आणि त्याहून वाईट म्हणजे चाळणीत त्यातले जवळजवळ काही उरलेच नाही. हा थर इतका मऊ आहे की साबणाने माती सुटली, मातीबरोबर बारीक वाळू सुटली, आणि तेलासकट सगळे मोरीत गेले. राहिले ते वरच्या थरांतून गळून खाली पडलेले कडक दाणे. म्हणजे "मागमूस नाही" असे मी ज्याच्याबद्दल लिहिले, तो तो थर नव्हताच.

माझ्या हातांवर विश्वास नव्हता म्हणून दुसऱ्या दिवशी दुसरी पिशवी लक्ष्मणकडून तशीच धुऊन घेतली. तेच झाले. "बेन, तुम्ही रोज एवढं घासता, मला वाटलं दगडच तसा असेल," एवढे ते म्हणाले.

यानंतर मी बरेच दिवस गप्प राहिले. तुमचे पत्र आले, "चमक गेली की समज, ती खोटी होती." ते मी पर्समध्ये ठेवून ऑफिसला नेत असे. मी गप्प राहिले असते तर रिग आली असती, सिमेंट भरले असते, आणि मला कायम केले असते. कोणाला कधी कळले नसते, कारण बंद केलेली विहीर पुन्हा उघडून कोणी बघत नाही. तुमचा शब्दही माझ्या बाजूने होता. मला त्याचीच भीती वाटू लागली.

गेल्या मंगळवारी प्रतापसिंहरावांच्या खोलीत दोन्ही वाटे घेऊन गेले. त्यांनी पडदे लावून दिव्याखाली पाहिले. मग विचारले, पाच नंबरचे काय? पाच नंबरही मीच तपासली होती आणि तशीच धुतली होती. तिच्या पिशव्या पावसाळ्यात शेड गळून कुजल्या. म्हटले, तिचे आता काही सांगता येणार नाही.

"म्हणजे दोन विहिरी खणल्या आणि मला दोन्हींचं काही माहीत नाही. बरोबर ने?"

मी हो म्हटले. असे धुवायला कोणी शिकवले, हे त्यांनी नंतर विचारले. तुमचे नाव मला घ्यायचे नव्हते. पण विचारल्यावर दुसरे काय सांगणार? ते तुम्हाला नावाने ओळखतात. म्हणाले, "भास्कररावांची रीत समजली. तुझी कुठली?"



रिग येणारच आहे, तर बंद करण्याआधी त्या थरापाशी पाइपाला छिद्रे पाडून आत काय आहे ते वाहू देऊन बघायचे ठरले आहे. खर्च पुष्कळ आहे आणि तो माझ्यामुळे आहे, हे कोणी बोलून दाखवत नाही. मला कायम करण्याचे पत्र थांबवले आहे. चाचणीत काही निघाले नाही तर ते येणार नाही असे मी धरून चालले आहे.

तुम्हाला वाईट वाटेल हे मला ठाऊक आहे. पण दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावे.

तुमची
मधुवंती


(पोस्टकार्ड)

सांगली
१४ डिसेंबर १९९८

चि. मधुवंतीस आशीर्वाद.

पत्र पोचले. माझे नाव घेतलेस त्याचे काही नाही. मी आसामात आणि गुजरातेत जितक्या विहिरींवर उभा राहिलो त्यांतल्या एकीवरही कोणी माझ्या धुण्याला बोट लावले नव्हते. आता काळ बदलला असेल. प्रकृती ठीक आहे. थंडी आहे. सर्वांना आशीर्वाद.

भास्कर


विश्रामबाग, सांगली
२० जानेवारी १९९९

चि. मधूस,
अनेक अनेक आशीर्वाद.

महिनाभर तुझे पत्र नाही, माझेही नाही. काल श्रीकृष्णाचे आले. त्यात त्याने लिहिले आहे की सात नंबरची चाचणी झाली आणि त्या थरातून पाणी निघाले. त्याला पुढचे काही समजलेले दिसत नाही, पण एवढे पुरे.

बघ. शेवटी पाणीच निघाले ना? जे तू ऑक्टोबरात लिहिले होतेस तेच. साबण बरोबर होता, तू बरोबर होतीस, आणि बिचारीने उगाच दोन महिने जिवाला घोर लावून घेतलास. मागच्या कार्डावर मी जरा तुटक लिहिले, ते मनावर घेऊ नकोस. म्हाताऱ्याची रीत म्हणजे त्याची काठी. ती कोणी काढून घेतली की तो ओरडतोच.

आता प्रतापसिंहरावांकडे जाऊन सरळ सांग की पहिली नोंदच खरी होती, ती कायम करा आणि मलाही कायम करा. लाजू नकोस. हवे तर मी त्यांना दोन ओळी लिहितो. त्यांच्या वडिलांची आणि आपल्या घराची जुनी ओळख आहे, धनाजीराव म्हणून होते, सरकारी कचेरीत तुझ्या आजोबांच्या शेजारी बसत.

आभाने तिळगूळ पाठवला आहे. पोचायला उशीर होईल, पण गोड बोलायला उशीर चालतो.

तुझा काका,
भास्कर


अकोटा, बडोदे
२ फेब्रुवारी १९९९

ती. भास्करकाकांस,
साष्टांग नमस्कार.

तिळगूळ पोचला. प्रतापसिंहरावांना कृपया काही लिहू नका.

तुमचे पत्र मी घरात वाचून दाखवले. तुम्ही इतके खूश आहात हे ऐकून आई म्हणाली, "मग राहू दे की. म्हणावं, तुमचंच बरोबर. एवढ्याने तुझं काय जातं?" मला तसे करता आले असते. पण मग यापुढे तुम्हाला काही विचारताना प्रत्येक वेळी मला ते आठवले असते, आणि हळूहळू मी विचारणे बंद केले असते. म्हणून लिहिते.

चाचणीत पाणी निघाले हे खरे. आम्ही सगळे तिथे होतो. टाकीत पाणी पडताना ऐकू येते, तेल पडले तर आवाज वेगळा येतो असे म्हणतात; तो आला नाही. केयूरने त्या दिवशी चेष्टा न करता मला चहा आणून दिला, त्यावरून मला समजले की माझे काम गेले असे त्यालाही वाटते आहे. संध्याकाळी टाकी शांत झाल्यावर पाण्यावर तपकिरी साय धरली. बोटाला चिकटेल इतकीच. पण ती तेलाची होती.

बाबांना साय महत्त्वाची वाटली नाही, म्हणून त्यांनी लिहिली नसेल.

काका, मी "पाणी आहे" असे लिहिले नव्हते. मी "तेलाचा मागमूस नाही" असे लिहिले होते. मागमूस होता. विहीर दोन्ही वाक्यांनी बंदच झाली असती आणि आता झालीही आहे, पण म्हणून ती दोन वाक्ये एक होत नाहीत. शेवट माझ्या अंदाजाप्रमाणे झाला हा योगायोग आहे. न पाहिलेल्या गोष्टीबद्दल मी पाहिल्यासारखे लिहिले होते.

त्याचा फरक पडला तो असा. करारानुसार मार्चअखेर आम्हाला आमच्या क्षेत्राचा अर्धा भाग सरकारला परत करायचा आहे. पूर्वेचा करायचे ठरले होते, कारण सात नंबरमध्ये जर काहीच नाही तर त्याच थराच्या पूर्वेकडच्या भागात काय असणार? आता प्रतापसिंहरावांनी नकाशा पुन्हा काढला. तो थर पश्चिमेला खाली उतरतो आणि पूर्वेला वर चढतो. तेल पाण्यापेक्षा हलके, ते चढणीकडे सरकते. सात नंबरपाशी त्याची खूण आहे आणि साठा नाही, म्हणजे ते इथून पुढे गेले असेल. त्यांनी पूर्वेचा भाग ठेवला आणि पश्चिमेचा परत द्यायचे ठरवले. कदाचित पूर्वेलाही काही नसेल. तेल युगांपूर्वीच वर झिरपून हवेत गेले असेल. मी अहवालात तसेही लिहिले आहे.

प्रतापसिंहरावांनी मला समोर बसवून ती ओळ नव्याने लिहायला सांगितली. मी लिहिले, "या थरात तेलाचा माग आहे; या ठिकाणी साठा नाही. पाच नंबरबद्दल सांगता येत नाही." त्यांनी वाचून विचारले, शेवटचे वाक्य ठेवायचेच का? म्हटले, हो. त्यांनी ठेवले. मला कायम केलेले नाही. मुदत सहा महिने वाढवली आहे, आणि यापुढे प्रत्येक नमुना माझ्याबरोबर केयूरही बघेल. तो म्हणतो, "आता इस्त्री मी करीश." मला हे वाईट वाटत नाही. दोन माणसांनी बघावे असेच ते काम आहे.

आता साबणाबद्दल. तुमच्या विहिरींवर डिझेल होते आणि खडक घट्ट होता, तिथे तुमची रीत बरोबरच होती. आमच्याकडे डिझेल नाही आणि खडक मऊ आहे. तुमच्याकडच्या त्या दोन्ही गोष्टी तुम्हीच तुमच्या नोव्हेंबरच्या पत्रात लिहिल्या आहेत. मी रीत घेतली, ती कशासाठी होती ते विचारले नाही. तुम्ही सांगितले म्हणजे झाले, असे मला तिसरीपासून वाटत आले. यात चूक असेल तर ती माझी आहे, पण रीत इथे चुकीची आहे, हे तुम्ही मान्य करा किंवा करू नका, मला लिहिणे भाग होते.

आता मी आधी न धुतलेला गोळा बघते, मग गार पाण्यातला, आणि साबण बहुतेक लागत नाही.

रागावला असाल तर तसे लिहा. कार्ड नको, पत्र लिहा.

तुमची
मधुवंती


विश्रामबाग, सांगली
३ मार्च १९९९

चि. मधुवंतीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र येऊन महिना होत आला. पहिल्यांदा वाचले आणि घडी करून कोटाच्या खिशात ठेवले. आभा विचारत होती, काय लिहिले आहे. म्हटले, ऑफिसचे आहे. ती म्हणाली, "तुम्ही रिटायर होऊन अकरा वर्षं झाली, कुठलं ऑफिस?"

राग आला होता. तू विचारलेस म्हणून लिहितो. कोणी परक्याने म्हटले असते तर इतका आला नसता.

मग तुझ्या म्हणण्यात भोक शोधायला बसलो. वाटले, पोरीने वरच्या-खालच्या पिशव्यांशी तुलना केली खरी, पण त्या वेगळ्या खेपेत आल्या असतील, दुसऱ्या गोणीतल्या असतील. डिसेंबरचे पत्र काढून पाहिले. एकच खेप, एकच गोणी, असे स्पष्ट लिहिले आहेस. मग वाटले, तुझा हात जड पडला असेल. तर लक्ष्मणाकडूनही धुऊन घेतलेस. दुसरे भोक मला सापडले नाही. आणखी चार दिवस शोधले. माझ्या हाताखाली असतीस तर हा अहवाल मी सही करून वर पाठवला असता, आणि माझ्या रीतीविरुद्ध आहे म्हणून मनात कुरकुरलोही असतो.

एवढ्यावर तो विषय पुरे.

आता पूर्वेचे. तुझ्या पत्राच्या पाठीवर पेन्सिलीने तो थर काढून पाहिला. तो चढतो, हे समजले. तेल त्याच्याबरोबर वर गेले असेल, हेही. पण वर जाऊन ते अडेल कशाने? वाळू पुढे पातळ होत मातीत संपते का? की मधे खडक तुटून सरकलेला आहे आणि समोर घट्ट भिंत आली आहे? की यातले काहीच नाही, थर तसाच वर वर जातो आणि तू म्हणतेस तसे सगळे कधीच उडून गेले? तिन्ही शक्य आहेत आणि तिन्हींचा नकाशा वेगळा होतो. पाच नंबर कुठे आहे ते तू लिहिले नाहीस. ती पूर्वेला असेल तर तिच्या विजेच्या मोजमापात हा थर जाड आहे की पातळ, ते तरी बघता येईल. पिशव्या कुजल्या, पण मोजमापाचे कागद असतील.

आजवर मी तुला पुष्कळ प्रश्न विचारले. त्या सगळ्यांची उत्तरे मला आधी ठाऊक असायची. तुला येतात का तेवढे बघायचो. हा प्रश्न तसा नाही. याचे उत्तर मला येत नाही, आणि ते कळावे असे फार वाटते आहे.

कळले की लिही. नाहीच कळले, तर तसे लिही.

भास्करकाका